वाऱ्याखालची खाट

सारजाबाईनं उभ्या जन्मात दोनदाच दुसऱ्याचं बोलणं अक्षराला अक्षर धरून पाळलं, आणि दोन्ही वेळा घरावर संकट ओढवून घेतलं. पहिल्या वेळी ते बोलणं तिच्या बापाचं होतं. दुसऱ्या वेळी बारामतीच्या डॉक्टरीणबाईंचं.

एरवी बाई कुणाचं ऐकून घेणारी नव्हती. निरवांगीत तिच्या घरी कुठल्या कोपऱ्यात काय ठेवायचं इथपासून डाळिंबाची छाटणी कधी धरायची इथपर्यंत तिचाच शब्द शेवटचा. मुलगा नागेश आता चाळिशीला आला, तरी बागेत पाणी सोडताना एकदा आईकडं बघून घ्यायचा. अशी बाई डॉक्टरचं बोलणं मुकाट्यानं पदरात बांधून घरी आली, यावरूनच ती किती घाबरली असेल ते समजून घ्या.

घाबरण्यासारखं होतंच. भाद्रपदात तिच्या नवऱ्याच्या, बिरूच्या, उजव्या पायात डाळिंबाचा काटा मोडला. करंगळीच्या मुळाशी, बाहेरच्या अंगाला. बिरू अडुसष्ट वर्षांचा, अंगानं काटक, पण रक्तात साखर मुरलेली. पायाला काही लागलं तर कळायचंच नाही. कळलं तेव्हा तिथं बोराएवढी जखम झाली होती. गावातल्या डॉक्टरांनी पाहिलं, इंदापूरला दोनदा जाऊन झालं, हळद झाली, कुणी सांगितलेला पाला झाला. पौष उजाडला तरी जखम होती तिथंच होती. रोज सकाळी सारजाबाई मिठाच्या कोमट पाण्यानं ती धुवायची आणि पट्टी बांधायची. अलीकडे जखमेभोवती पांढुरकी जाड कड धरली होती. तिला वाटायचं, चला, तोंड धरलं म्हणजे आता मिटेल. शेजारच्या शकुबाईला तिनं ती कड कौतुकानं दाखवलीसुद्धा होती.

बारामतीच्या डॉक्टर वृषालीबाईंनी नेमकं त्याच कडेवर चिमट्याचं टोक ठेवलं. नागेश तेव्हा खाली औषधं आणायला गेला होता. बिरूला नर्सनं साखर तपासायला नेलं होतं आणि त्याच्या पायाचा फोटो बाईंच्या संगणकावर मोठा करून लावलेला होता. खोलीत सारजाबाई एकटी. म्हणजे पुढचं जे काही ऐकायचं ते तिनं एकटीनं ऐकलं, आणि त्याचा अर्थही एकटीनंच लावला.

"आजी, ही कड भरत आलेली नाही," बाई म्हणाल्या. "इथल्या पेशी, म्हणजे कातडीचे अगदी बारीक कण म्हणा, ते म्हातारे झालेत. मरत नाहीत आणि कामही करत नाहीत. नुसते बसून राहिले असते तरी चाललं असतं. पण त्यांच्यातून सारखं काहीतरी पाझरत असतं, आणि त्यानं शेजारच्या चांगल्या पेशी वेळेआधी म्हाताऱ्या होतात. मग त्यांच्या शेजारच्या. म्हणून दर सोमवारी यायचं. ही कड मी खरवडून काढणार, ताजं रक्त दिसेपर्यंत. नाही आलात, तर पाय काढायची वेळ येईल."

मग हात पुसता पुसता त्यांनी विचारलं, घरी लहान मूल आहे का. आहे म्हटल्यावर सांगितलं, की त्याला जखमेला, पट्टीला हात लावू देऊ नका. हे त्या जंतुबिंतूंच्या काळजीनं बोलल्या. पण सारजाबाईच्या डोक्यात दोन्ही वाक्यं एकाच दाव्याला बांधली गेली.

परतीच्या वाटेवर पिकअपमध्ये तिच्या डोक्यात तेच घोळत होतं. म्हातारं शेजारच्याला म्हातारं करतं, आणि ते त्याच्या शेजारच्याला. हे तिला नवीन थोडंच होतं? ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, हे लहानपणापासून कानावर होतं. एक नासका आंबा सगळी आढी नासवतो, हेही पाहिलेलं होतं. आणि आंब्या-बैलांच्याही आधी तिला मेंढरं ठाऊक होती. तिचं माहेर आणि सासर दोन्ही मेंढरांमागं चालणारं. कळपातलं एखादं मेंढरू बिघडलं की ते त्याच घटकेला वेगळं काढायचं, हा पहिला नियम. कुठं बांधायचं, तर वाऱ्याखाली. म्हणजे वारं कळपावरून त्या मेंढराकडं गेलं पाहिजे, मेंढराकडून कळपावर येता कामा नये.

हा नियम तिनं एकदा मोडला होता. लग्नात बापानं तिला एक मेंढी दिली होती, चांदी नावाची. देताना म्हणाला होता, हिला कधी अंतर देऊ नको, हिच्यातच मी आहे असं समज. त्या वर्षी बाप गेला. पुढच्या हिवाळ्यात चांदीच्या कानामागं देवीचा फोड सारजाला दिसला. अठरा-एकोणीस वर्षांची पोर ती. तिनं चांदीला वेगळं काढलं नाही. फोडाला हळद लावली आणि मेंढीला वाघरात, म्हणजे रात्री मेंढरं कोंडायच्या जाळीत, मधोमध घातलं, कुणाला दिसू नये म्हणून. वीस दिवसांत सव्वाशेतली एक्केचाळीस मेंढरं गेली. बिरू एकेकाला खड्ड्यात घालत होता आणि सारजा माती लोटत होती. हे कुठून आलं, असं त्यानं कधी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. चव्वेचाळीस वर्षं ते तिच्या पोटात तसंच होतं.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, ते असं.

आणि आता घरात कळप कुणाचा होता? नागेश, सून सुप्रिया आणि त्यांची सात वर्षांची छकुली. ही छकुली आजोबांच्या घोंगडीत झोपायची. दोन वर्षांची असल्यापासून तिला दुसरीकडं झोपच लागत नसे. आबाच्या कुशीत डोकं खुपसायचं, पाय त्याच्या पायांवर टाकायचे, की पाचव्या मिनिटाला पोर गपगार.

बारामतीहून आल्यावर दोन दिवसांनी सारजाबाई छकुलीची वेणी घालत होती. कानामागं भांग पाडताना तिच्या हातातली फणी थांबली. तिथं दोन केस पांढरे होते. चांगले मुळापासून टोकापर्यंत पांढरे.

 तिनं सुनेला हाक मारली नाही. ते दोन केस उपटून मुठीत धरले आणि न्हाणीत नेऊन वाहून टाकले. त्यानंतर भित्यापाठी ब्रह्मराक्षस लागावा तसं झालं. स्वतःच्या हाताची कातडी तिला कालच्यापेक्षा सैल दिसू लागली. सुप्रिया दुपारी जरा आडवी झाली तर हिच्या मनात, बाई आताशा लवकर दमते. बिरूच्या खाटेजवळची तुळस वाळली होती. ती पाण्यावाचून वाळली होती, पण तेवढा विचार करायला डोकं ठिकाणावर लागतं. भुऱ्या कुत्रा बिरूच्या खाटेखाली निजायचा, त्याच्या तोंडाभोवतीचे केसही पिकले होते. तो चौदा वर्षांचा होता हे सारजाबाई सोयीनं विसरली.

आणखी दोन दिवसांनी तिनं जाहीर केलं, की बिरूची खाट घरातून हलवायची. जखमेवर माशा बसतात, पाहुणेरावळे येतात, आणि डॉक्टरीणबाईंनीच तसं सांगितलं आहे. शेवटचं वाक्य ठार खोटं होतं. नागेशनं कुरकुर केली. आबांना एवढ्या थंडीत कुठं टाकणार, म्हणाला.  जखमेचा वास स्वयंपाकघरापर्यंत यायचा, सुप्रियाला जेवण जाईना झालं होतं. सासऱ्यांची खाट हलणार म्हटल्यावर तिला हायसं वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

घराच्या उगवतीला वीस पावलांवर खताची खोली होती. पक्की, दिवा असलेली, पंखा असलेली. मावळतीला पार बागेच्या टोकाला डाळिंब भरायची पत्र्याची शेड होती. कुणालाही विचारलं असतं तर त्यानं खोलीच दाखवली असती. सारजाबाईनं शेड निवडली. खतांचा उग्र वास जखमेला चांगला नाही, असं तिनं कारण दिलं. पौषातलं वारं उगवतीचं असतं, ते घरावरून बागेवर आणि बागेवरून शेडकडं जातं, हे कारण तिनं कुणालाच दिलं नाही.

बिरूनं वाद घातला नाही. काठी घेतली, घोंगडी खांद्यावर टाकली आणि आपल्या पायानं, टाच टेकत टेकत, शेडपर्यंत गेला. तिथं क्षणभर उभा राहिला. बांधावरच्या चिंचेकडं पाहिलं. मग बोट जिभेला लावून वर धरलं. मेंढरांचा मुक्काम टाकताना तो असंच करायचा, ती त्याची जुनी सवय. मग खाटेवर बसला आणि म्हणाला, "ब्येस हाय."

सारजाबाईला वाटलं, जागा त्याला पसंत पडली.

त्या दिवशी छकुलीनं रडून घर डोक्यावर घेतलं. आबाकडं जायचं नाही म्हणजे काय, तिला समजेना. तिला सांगण्यात आलं, आबाच्या पायाला लागेल. ती म्हणाली, मी लांब बसते. लांबही नाही, असं आजीनं बजावलं. आजीचा आवाज असा होता की पोर गप्प झाली.

शेडमध्ये आता फक्त सारजाबाई जायची. नाकातोंडावर पदराचा फेरा, हातात रबरी मोजे. पट्टी बदलायची, ताट खाटेच्या पायथ्याशी ठेवायचं आणि चार हात मागं सरून उभं राहायचं. आधी दोघं एकाच ताटात जेवत. आता बिरू एकटा जेवायचा, आणि तेही अर्ध्या भाकरीवर हात धुवायचा. घरी आल्यावर ती कोपरापर्यंत हात घासायची, लुगडं बदलायची, मगच पोरीला जवळ घ्यायची. हे सगळं करताना तिला वाटायचं, मी घर राखतेय. आणि त्याच वेळी आत कुठंतरी वाटायचं, मी काहीतरी वाईट करतेय. हे दोन्ही विचार तिला दोन बाजूंना ओढत होते. ती कुणाचंच पुरतं ऐकत नव्हती.

सोमवार आला. नागेशनं गाडी काढली. बिरू म्हणाला, आज अंगात कसर आहे, पुढच्या सोमवारी बघू. पुढच्या सोमवारी त्यानं भिंतीकडं तोंड केलं. नागेश ओरडला, सारजाबाईनं हात जोडले, सुप्रियानं दारातून विनवलं. बिरू एकदा बसला की बसला. हा माणूस तरुणपणी भर पावसात घाटाच्या तोंडाशी तीन दिवस बसून राहिला होता, नदी उतरल्याशिवाय मेंढरं उचलणार नाही म्हणून. त्याला कोण उठवणार?

पट्टीखालची पांढरी कड मात्र बसून नव्हती. ती बोटभर पुढं सरकली. करंगळी आधी जांभळी झाली, मग काळपट. दोन सोमवार हुकले होते. पाय जाणार, हे शब्द सारजाबाईच्या डोक्यात भाकरी थापताना, झाडताना, निजताना सारखे फिरत होते.

तिसऱ्या आठवड्यातल्या बुधवारी, शाळा सुटायच्या सुमाराला ती चहाचा पेला घेऊन शेडकडं निघाली होती. डाळिंबाच्या ओळींतून तिला पुढं लाल फ्रॉक दिसला. छकुली. एका हातात पेरू घेऊन, वाकून वाकून, झाडाआडून शेडकडं चाललेली. सारजाबाई हाक मारणार, तेवढ्यात बिरूनंच पोरीला पाहिलं.

तो खाटेवर उठून बसला. वाकून जमिनीवरचं एक ढेकूळ उचललं आणि पोरीच्या पुढ्यात फेकलं. मग तोंडानं मेंढरं हाकायचा आवाज काढला, "हुर्र, हुर्र, माघारी." छकुलीला वाटलं आबा खेळतोय. ती हसली आणि आणखी पुढं आली. दुसरं ढेकूळ तिच्या पायाजवळ फुटलं. तिसरं त्याहून जवळ. तेव्हा तिनं आबाच्या तोंडाकडं पाहिलं आणि पेरू टाकून पळत सुटली. आजीच्या शेजारून गेली तरी तिला आजी दिसली नाही.

बिरू घोंगडीत तोंड घालून बसला. त्याचे खांदे हलत होते.

सारजाबाईनं चहाचा पेला तिथंच खाली ठेवला. ती शेडमध्ये गेली. "पोरीला ढेकळं मारताय व्हय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"लागू दिलं न्हाय. पायाम्होरं टाकली," बिरू म्हणाला. त्यानं तोंड वर केलं नाही. "जवळ येऊ द्यायची न्हवती न्हवं? मग तुज्याच मनासारखं क्येलं."

"तुमास्नी कुणी सांगितलं?"

"सांगाय कशाला पायजे? उगवतीला पक्की खोली हाय, दिव्याची. ती सोडून हितं खाट टाकलीस. वारं बघून टाकलीस, सारजे. मला पयल्याच दिशी कळलं."

बाई तिथंच जमिनीवर बसली. नाकावरचा पदर सुटला, तो तिनं परत बांधला नाही. मग तिनं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंचं बोलणं, म्हातारे कण, शेजारच्याला लागणारा पाझर, छकुलीचे दोन पांढरे केस. आणि तोंड उघडलंच होतं म्हणून चांदीचंही सांगितलं. कानामागचा फोड, हळद, वाघरात मधोमध घातलेली मेंढी. चव्वेचाळीस वर्षांचं ओझं तिनं पाच मिनिटांत खाली ठेवलं.

बिरूनं बांधावरच्या चिंचेकडं पाहिलं. "चांदीचा फोड म्या बी बघितला हुता," तो म्हणाला. "तुज्या बापाची म्हणून गप बसलो. दोघांनी मिळून क्येल्याली चूक ती. आता बरोबर क्येलंस."

तो रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं. त्यानं बरोबर म्हटलं, आणि तिच्या काळजाला घरं पडली. मग सोमवारी का आला नाहीत, तिनं विचारलं. त्यावर त्यानं तिच्याकडं असं पाहिलं, की धनगराच्या लेकीला हे विचारावं लागतं का.

"वेगळं काढल्याल्याला औषिध कोण करतं?"

खरं होतं. वेगळं काढलेल्या मेंढराला पाणी ठेवतात, पाला टाकतात, आणि वाट बघतात. जगलं तर जगलं. त्याच्यामागं औषध घेऊन कुणी लागत नाही, कारण लागणाऱ्या माणसाच्याच अंगावरून रोग कळपात येतो. सारजाबाईनं खाट वाऱ्याखाली टाकली, त्याच घटकेला बिरूनं आपलं नाव कळपातून कमी करून टाकलं होतं. तो सोमवार चुकवत नव्हता. तो वाट बघत होता.

ती उठली आणि पळतच घरी आली. बासष्टाव्या वर्षी बाई बांधावरून पळताना शकुबाईनं पाहिली, तिला वाटलं साप निघाला. सुप्रियाला तिनं धापा टाकत सांगितलं, डॉक्टरीणबाईंना फोन लाव. मी बोलणार.

वृषालीबाई आधी चिडल्या. दोन सोमवार कुठं होतात, विचारलं. मग सारजाबाईनं अडखळत अडखळत विचारायचं ते विचारलं.  मग बाईंनी हळू आवाजात समजावलं. हे एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडं जात नाही. शेजारचे म्हणजे त्याच कातडीतले शेजारचे, केसाच्या अंतरावरचे, फार तर जखमेच्या कडेचे. घरातले नव्हेत. पोरीचे केस? लहानपणी एखाददुसरा पिकतो कुणाकुणाचा, खाण्यापिण्याकडं लक्ष द्या, पुढच्या वेळी तिला घेऊन या.

"आजी, मी जखमेची कड काढायला सांगितली होती," त्या म्हणाल्या. "माणूस काढायला नाही." आणि मग, करंगळी काळी पडलीय हे ऐकल्यावर, त्यांचा आवाज बदलला. आत्ताच्या आत्ता निघा, उद्यावर टाकू नका.

फोन सुप्रियानंही ऐकला होता.  तिनं लगेच नागेशला फोन लावला, गाडी घेऊन या म्हणून, आणि आबांचे कपडे पिशवीत भरायला घेतले.

पण बिरू उठेना. सारजाबाईनं त्याला डॉक्टरांचं बोलणं शब्दाला शब्द सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तुझं मन राहावं म्हणून त्या बोलल्या असतील, म्हणाला. आणि खरं असलं तरी वेगळं काढलेलं तसंच उचलून कळपात घालत नाहीत. त्याची रीत असते. आधी एक धडधाकट मेंढरू त्याच्या शेजारी बांधायचं, पाच दिवस. ते टिकलं तर दोन्ही परत. ही रीत सारजाबाईलाही माहीत होती. तिच्याकडं पाच दिवस नव्हते. नागेशच्या पिकअपचा आवाज रस्त्यावरून वळताना ऐकू येत होता.

तिनं हातातले रबरी मोजे काढून पत्र्यावर टाकले. मग ती खाटेवर चढली आणि बिरूच्या शेजारी आडवी झाली. घोंगडीचं टोक ओढून अंगावर घेतलं, छकुली घ्यायची तसं, आणि त्याचा तो पट्टी बांधलेला पाय आपल्या दोन्ही पायांमध्ये धरला. दिवसाढवळ्या, शेडचं दार सताड उघडं असताना.

बिरू हडबडला. पाय सोडवून घ्यायला लागला. "सारजे, उठ. लागंल तुला."

"लागायचं ते चव्वेचाळीस वरसांत लागलंय," ती म्हणाली. "आता सोबतीला बांधलीया मला. उठायचं तर दोघं उठू, न्हायतर दोघं ऱ्हाऊ."

नागेश शेडच्या दारात आला आणि आईबापांना तसं बघून, लाजून, परत बाहेर जाऊन उभा राहिला.  मग आतून बिरूनं काठी मागितली.

बारामतीला पोचेपर्यंत दिवस कलला होता. बाईंनी पट्टी सोडली आणि नागेशला बाजूला नेऊन सांगितलं, की करंगळी आत्ताच काढावी लागेल, तिच्याबद्दल आता काही करता येणार नाही. पायाचं काय ते कड खरवडल्यावर कळेल. आतून ताजं रक्त आलं तर पाय राखायला जागा आहे. नाही आलं तर घोट्याच्या वर कापावं लागेल. नागेशनं कागदावर सही केली. ती सही त्याची वाटेना.

नर्सनं नातेवाइकांना बाहेर थांबायला सांगितलं. बिरूनं सारजाबाईचं मनगट धरलं ते सोडेना. शेवटी बाईच म्हणाल्या, राहू द्या त्यांना. मग सारजाबाई डोक्याला टोपी घालून त्याच्या उशाशी उभी राहिली आणि सगळं बघितलं. करंगळी गेली ते बघितलं. आपण दोन सोमवार गमावले त्याची ही किंमत, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मग बाई कड खरवडू लागल्या. पांढरा, मेणासारखा थर निघत होता. रक्त नव्हतं. आणखी निघाला. रक्त नव्हतं.  बिरूला पायाचं काही जाणवत नव्हतं, तो छताकडं बघत होता, आणि सारजाबाई त्या कडेकडं. बाईंनी हत्यार बदललं, आणखी आत गेल्या. एका कोपऱ्यात बारीक लाल ठिपका आला. तो वाढला. मग दुसरीकडं आला. मग सगळ्या काठानं झिरपू लागला.

"आलं," वृषालीबाई म्हणाल्या. त्यांनी पहिल्यांदा खांदे सैल सोडले. "पाय आज तरी आहे, आजी. पुढचे सहा सोमवार एकही चुकवायचा नाही. त्यानंतरच मी काय ते सांगेन."

आठ दिवसांनी बिरू घरी आला. सारजाबाईनं सकाळीच ओसरीवर खाट टाकून ठेवली होती, पार उगवतीच्या टोकाला. तिच्या पलीकडं घरातल्या सगळ्यांच्या अंथरुणांची जागा. बिरू पायरीवर काठी टेकून उभा राहिला. खाटेकडं पाहिलं. मग बोट जिभेला लावून वर धरलं.

"सारजे, खाट चुकली," तो म्हणाला. "वारं माज्यावरनं समद्यांवर जातंय."

"म्हाईत हाय. बसा."

तो बसला. छकुली दाराआडून बघत होती. ती ढेकळं विसरली नव्हती. बिरूनं खिशातून एक पेरू काढला, बारामतीहून येताना तेवढ्यासाठी गाडी थांबवली होती, आणि तो खाटेवर आपल्या शेजारी ठेवून दुसरीकडं बघत राहिला. पोर एक पाऊल पुढं आली, थांबली, आणखी एक आली. मग खाटेवर चढली, पेरूला चावा घेतला आणि घोंगडीत शिरून आपले पाय त्याच्या पायांवर टाकले.

सारजाबाई ताट घेऊन येत होती.  डॉक्टरांचं सगळं ऐकून, समजून, पटूनसुद्धा ते पाहताच पोरीला मागं ओढायला तिचा हात पुढं झाला होता. त्याच हातानं तिनं पोरीच्या पाठीमागं घोंगडी नीट खोचली, कुठून वारं लागू नये म्हणून. मग ताट मध्ये ठेवलं आणि स्वतःही खाटेच्या कडेला बसून एक भाकरी मोडली. सोमवारला अजून चार दिवस होते.